हायमास्ट लावण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सिंधुदुर्ग.
(प्रत माहितीसाठी : सरपंच आणि सदस्य, ग्रामपंचायत कुणकेश्वर, ता. देवगड)

महोदय,

16 ऑगस्ट 2020, रविवार, सकाळचे 9 वाजून 38 मिनिटं. श्रावणाचे शेवटचे दिवस, गणपती सहा दिवसांवर आलेले, आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना किती दिवस क्वारंटाइन करायचं यावरून कोकणात गावोगाव खल चाललेला. नेमक्या त्याच मिनिटाला हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या 2,950 किलोमीटर उंचीवरून एक दगड निघून गेला. आकार तीन ते सहा मीटर, म्हणजे मोठ्या जीपगाडीएवढा. वेग सेकंदाला 12.3 किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीनं त्याची वाट सुमारे 45 अंशांनी वळली आणि तो पुढे चालता झाला. तो येतोय हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो सूर्याच्या बाजूनं आला होता.

सहा तासांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या एका दुर्बिणीच्या चित्रात त्याचा ओरखडा उमटला. तो ओरखडा उपग्रहाचा नाही, लघुग्रहाचा आहे, हे ओळखलं पवईच्या आयआयटीत शिकणाऱ्या कुणाल देशमुख या विद्यार्थ्यानं. पृथ्वीला न धडकता इतक्या जवळून गेलेला लघुग्रह तोवर नोंदलाच गेला नव्हता. त्याला नाव मिळालं 2020 क्यूजी. (तो विक्रम तीन महिनेही टिकला नाही. 13 नोव्हेंबर 2020 रोजी 2020 व्हीटी4 नावाचा दुसरा दगड पॅसिफिकवरून जेमतेम 370 किलोमीटरवरून गेला, आणि तोही गेल्यावरच सापडला.)

एवढ्या लांबची गोष्ट जिल्हा नियोजन समितीला लिहिण्याचं कारण कुणकेश्वरचा किनारा आहे. तिथं आणि आसपासच्या सड्यांवर पर्यटनाच्या नावाखाली जे दिवे लागले आहेत आणि यापुढे लागतील, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे. विनंती छोटी आहे, पण ती पटायची तर आकाशात दगड शोधायचा हा उद्योग चालतो कसा आणि आपला त्याच्याशी काय संबंध, हे आधी सांगायला हवं.

पालोमारच्या त्या प्रकल्पाचं नाव झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, थोडक्यात झेडटीएफ. दुर्बीण जुनीच, 48 इंची. तिच्यावर नवा कॅमेरा बसवला तो 2017 मध्ये. हा कॅमेरा एका वेळी 47 चौरस अंश आकाश टिपतो. पौर्णिमेचे सव्वादोनशेहून अधिक चंद्र एका चित्रात मावतील एवढं ते क्षेत्र आहे. रापणीच्या जाळ्यात जसं समोर येईल ते सगळं ओढलं जातं आणि निवडानिवड वाळूवर आल्यावर होते, तसंच हे. तारे, दीर्घिका, उपग्रह, विमानं, लघुग्रह, सगळं एकत्र येतं. हा प्रकल्प उभा करणारे शास्त्रज्ञ म्हणजे श्रीनिवास कुलकर्णी. जन्म 1956 चा, नृसिंहवाडीच्या पलीकडच्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत, कर्मभूमी कॅलिफोर्नियातलं कॅलटेक. 2024 चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, त्यात या आकाश-पाहणीचाही वाटा होता.

निवडानिवडीचं काम आता बहुतांशी यंत्रं करतात. झेडटीएफच्या संगणकांपुढे एका रात्रीत लाखभर चित्रं येतात. धावत्या वस्तूचा ओरखडा कुठला आणि कॅमेऱ्यातला दोष कुठला, हे ओळखायला शिकवलेली एक प्रणाली आहे, डीपस्ट्रीक्स नावाची. ती घडवणाऱ्यांत आशिष महाबळ हे मराठी वैज्ञानिक आहेत. ही प्रणाली लाखातून हजारेक चित्रं निवडते. ती हजार चित्रं मात्र रोज माणसांनाच डोळ्यांनी बघावी लागतात. पवईत प्रा. वरुण भालेराव यांच्याकडे काम करणारे कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा हे विद्यार्थी या कामात होते. म्हणजे 2020 क्यूजी सापडण्याच्या साखळीत कुरुंदवाड आहे, पवई आहे, आणि शेवटच्या कडीला यंत्र नसून पडद्यासमोर बसलेला एक पोरगा आहे.

मंद गतीच्या, दूरच्या लघुग्रहांची पद्धत थोडी वेगळी. आकाशाच्या एकाच तुकड्याची पाव-अर्ध्या तासाच्या अंतरानं चार चित्रं घेतात आणि ती एकामागोमाग पडद्यावर फिरवतात. काळ्या-करड्या, दाणेदार चौकटीत शेकडो पांढरे ठिपके जागच्या जागी लुकलुकत राहतात. त्यात एखादा ठिपका चारही चित्रांत सरळ रेषेत, सारख्या अंतरानं पुढे सरकलेला दिसतो. बस्स, एवढंच. नवखा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला काहीच दिसत नाही. दुसऱ्याने बोट ठेवून दाखवलं की मग तो ठिपका सोडून दुसरं काही दिसेनासं होतं. त्या ठिपक्याच्या जागा आणि वेळा अमेरिकेतल्या केंब्रिजच्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. तिथून जगभर निरोप सुटतो, इतर दुर्बिणी त्याच्यावर रोखल्या जातात, आणि दोनचार रात्रींत त्याची कक्षा हाती येऊ लागते.

ही कामं आपल्याला नवी नाहीत. नॉर्मन पॉगसन या खगोलज्ञानं 17 एप्रिल 1861 रोजी मद्रासच्या वेधशाळेतून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला, म्हणून त्याचं नावच 'एशिया' ठेवलं. 1885 पर्यंत पॉगसननं मद्रासहून आणखी काही शोधले, आणि त्यानंतर शंभर वर्षं भारतातून एकही नाही. 17 फेब्रुवारी 1988 ला तमिळनाडूतल्या कावलूरला आर. राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कल्की' नावाच्या मोहिमेत 48 सेंटिमीटरच्या दुर्बिणीनं तो दुष्काळ मोडला. त्या लघुग्रहाला रामानुजनचं नाव दिलं आहे. जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' कथेत आपल्या दुर्बिणीतून धूमकेतू हुडकणारा हौशी निरीक्षक आहे. ती कथा लिहिली गेली तेव्हा असा माणूस खरोखर असू शकत होता. आज ती जागा हवाईतल्या पॅन-स्टार्सनं, ॲरिझोनातल्या कॅटॅलिनानं, हवाई-चिली-दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या ॲटलासनं घेतली आहे. 2023 च्या सुरुवातीला जो हिरवट धूमकेतू सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला, तोही झेडटीएफनंच 2 मार्च 2022 ला टिपलेला. चिलीतल्या व्हेरा रूबिन वेधशाळेनं तर 23 जून 2025 ला पहिली चित्रं जाहीर केली तेव्हा जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणात 2,104 नवे लघुग्रह मोजून दाखवले, त्यांत सात पृथ्वीजवळून जाणारे. पृथ्वीच्या आसपास फिरकणाऱ्या ज्ञात लघुग्रहांचा आकडा नोव्हेंबर 2025 मध्ये 40 हजारांपुढे गेला. पण त्यात हुरळून जाण्यासारखं नाही: 140 मीटरहून मोठे, म्हणजे एखादं राज्य उद्ध्वस्त करू शकतील असे जे आहेत, त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत.

आता सिंधुदुर्गाकडे येऊ. 27 डिसेंबर 2024 रोजी ॲटलासच्या चिलीतल्या दुर्बिणीला 2024 वायआर4 नावाचा लघुग्रह दिसला. सुरुवातीच्या गणितात तो 22 डिसेंबर 2032 रोजी पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता निघाली, आणि 18 फेब्रुवारी 2025 ला ती 3.1 टक्क्यांवर गेली. एवढ्या आकाराच्या लघुग्रहाबाबत इतकी शक्यता त्याआधी कधीच निघाली नव्हती. आदळलाच तर कुठे, याचा जो पट्टा काढला गेला तो पॅसिफिकच्या पूर्व भागातून दक्षिण अमेरिकेचं उत्तर टोक, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा करत दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबईचं नाव जगभरच्या बातम्यांत छापून आलं. आठवड्याभरात आणखी निरीक्षणं झाली, कक्षा नेमकी झाली आणि शक्यता शून्याच्या जवळ उतरली. चॅनलवाल्यांनी धोका टळला म्हटलं. खरं तर धोका तेव्हाही नव्हता, माहिती अपुरी होती. ती पुरी झाली ती कुठल्यातरी डोंगरावर काळंकुट्ट आकाश शिल्लक होतं म्हणून.

वायआर4 साधारण 60 मीटरचा. लोणारचं विवर घडवणारा दगडही अंदाजे त्याच मापाचा असावा असं मानतात. बुलढाण्यातल्या त्या विवराचा व्यास 1.8 किलोमीटर आहे आणि ते दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरलं गेलं आहे. कुणकेश्वरच्या जांभ्याखाली हाच पाषाण आहे. तिथं झालं ते इथं होणार नाही अशी हमी भूगोल देत नाही. अर्थात घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. 26 सप्टेंबर 2022 ला नासाच्या डार्ट यानानं डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याचा फेरा अर्ध्या तासाहून अधिक कमी करून दाखवला. वेळेवर कळलं तर काही करता येतं. उलट 15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड सूर्याच्या बाजूनं आला, कुणालाच कळला नाही, आणि फुटलेल्या काचांनी दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली.

इथपर्यंत वाचून समितीतल्या एखाद्या उत्साही सदस्याच्या डोक्यात कुणकेश्वरला वेधशाळा बांधण्याची कल्पना येईल. कृपा करून ती तिथंच थांबवावी. कुणकेश्वर समुद्रसपाटीला आहे, हवेत बाष्प नि क्षार, आणि जून ते सप्टेंबर आकाश दिसत नाही. (ॲरिझोनातही जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळा असतो आणि कॅटॅलिनाच्या दुर्बिणी तेव्हा दुरुस्तीला काढतात, पण तिथला पावसाळा म्हणजे आपल्या मृगातली एखादी सर.) संशोधनाच्या दुर्बिणीला उंच, कोरडी जागा लागते. म्हणून आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं मिळून आपली 70 सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण लडाखात हानलेला, साडेचार हजार मीटरवर बसवली. पुण्याच्या आयुकानं आपली दोन मीटरची दुर्बीण त्यासाठीच पुण्यापासून लांब, गिरवलीला नेली. इथं घुमट, कोनशिला आणि उद्घाटनाचा मांडव यावर खर्च केला तर पाच वर्षांत घुमटाला गंज चढेल आणि आत खुर्च्या ठेवल्या जातील.

आपल्याकडे विज्ञानाच्या नावानं उगाच मोठेपणा मिरवण्याचीही सवय आहे. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून नॉर्मन लॉकियरनं हेलियम इथून शोधला असं सांगितलं जातं. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा या भागातून गेला आणि जमखंडी, विजापूरला इंग्रज निरीक्षकांच्या तुकड्या बसल्या, हे खरं. पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. त्यानं आपलं निरीक्षण 20 ऑक्टोबरला तिथूनच केलं. विजयदुर्गाला मोठेपणासाठी आंग्र्यांचं आरमार पुरेसं आहे. कुणकेश्वरलाही कुठलं बनावट भूषण नको. त्याच्याकडे जे खरोखर आहे ते राखलं तरी पुष्कळ.

आणि आहे काय, तर काळोख.

कुणकेश्वराचं देऊळ अगदी समुद्राला लागून. भरतीच्या वेळी लाटा पायथ्याच्या कातळावर येऊन फुटतात. पश्चिमेला अरबस्तानापर्यंत एकही गाव नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू पश्चिमेला संध्याकाळी दिसत होता, तेव्हा पुण्या-मुंबईची मंडळी सूर्यास्तानंतरचं मोकळं क्षितिज शोधत घाटमाथ्यावर गाड्या घेऊन हिंडत होती. कुणकेश्वरला ते क्षितिज दारात आहे. थंडीतल्या अमावास्येला आकाशगंगेचा पट्टा अजूनही दिसतो, आणि उल्का पडली की 'तारो तुटलो' म्हणणारी म्हातारी माणसं अजून या पट्ट्यात आहेत. मुंबईतल्या मुलानं हे काहीच पाहिलेलं नसतं.

महाशिवरात्रीच्या जत्रेचंच घ्या. माघ वद्य चतुर्दशीला चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही. दुसऱ्या दिवशी अमावास्या, आणि त्या दिवशी देवस्वाऱ्या समुद्रात तीर्थस्नानाला उतरतात. जगातल्या लघुग्रह-शोधकांचं वेळापत्रकही याच तिथींवर चालतं. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशात फिकट ठिपके बुडतात म्हणून काम थंडावतं, आणि अमावास्येच्या आठवड्यात ते जोरात असतं. म्हणजे कुणकेश्वरची जत्रा वर्षातल्या अत्यंत काळ्या रात्रींत भरते, आणि त्याच रात्री तिथं वर्षातली सर्वांत झगझगीत रोषणाई असते. जत्रेला दिवे हवेतच. लाखो माणसं येतात, लेकरं-बाया समुद्रावर असतात. तिथं अंधाराचा हट्ट धरणं मूर्खपणा ठरेल. प्रश्न जत्रा आटोपल्यावर उरतो. उरलेल्या साडेतीनशे रात्री कुणासाठी उजळायच्या?

गेल्या काही वर्षांत कोकणच्या किनाऱ्यांवर एक साथ पसरली आहे. निधी आला की हायमास्ट. उंच खांब, डोक्यावर गोलाकार बसवलेले पांढरेफेक एलईडी, त्यांची तोंडं निम्मी समुद्राकडे आणि निम्मी आभाळाकडे. खालच्या वाळूवर पडतो त्याखेरीज बराच प्रकाश हवेतल्या बाष्पात विखुरतो, आणि पांढऱ्या-निळसर प्रकाशाचं विखुरणं पिवळ्यापेक्षा जास्त. लोकांच्या डोळ्यांवर तो येतो, झाडांवर येतो, आंब्याच्या कलमांवर येतो. बिल मात्र ग्रामपंचायतीकडे येतं. कमी खर्चात जास्त उपयोग करायचा तर दिवा वरून झाकलेला, तोंड खाली असलेला, रंगानं पिवळसर आणि रात्री ठरावीक वेळेनंतर आपोआप मंद होणारा असावा लागतो. यात अवघड तंत्रज्ञान काही नाही. निविदेत तसं लिहिलं की ठेकेदार तसं देतो.

उजेडावरून भांडण्याचा या जिल्ह्याला चांगला अनुभवही आहे. मालवण-देवगडच्या पारंपरिक मच्छीमारांनी एलईडी मासेमारीविरुद्ध मोर्चे काढले, होड्या घेऊन समुद्रात उतरले. केंद्र सरकारनं 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी क्षितिजावर ते दिवे दिसले की गावात आजही चर्चा पेटते. रात्री समुद्रावर उजेडाचा खेळ केला तर मासळीचं काय होतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. कासवांचंही तेच. तांबळडेग, वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडलेची अंडी राखली जातात. पिल्लं बाहेर पडली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात; निसर्गात ती बाजू समुद्राची असते, हायमास्टखाली ती रस्त्याची होते. मच्छीमार, कासवमित्र आणि आकाश पाहणारे, या तिघांची मागणी एकच निघते हे समितीनं ध्यानात घ्यावं. देवगडच्या दीपगृहाची गोष्ट अर्थातच वेगळी. तो उजेड कामाचा आहे आणि तो असायलाच हवा.

कुणी म्हणेल, काळोख राखून पर्यटन होतं का? महाराष्ट्रातच झालं आहे. जानेवारी 2024 मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले. दिवे काढले नाहीत, फक्त वळवले. वाघ बघायला आलेला पाहुणा रात्री आकाश बघायला एक मुक्काम वाढवतो, हे गणित तिथल्या वनखात्यानं मांडलं. लडाखात हानलेच्या आसपास हजारावर चौरस किलोमीटरचा 'डार्क स्काय रिझर्व्ह' आहे. तिथं गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवायला शिकवलंय, आणि त्यांच्या घरांत होमस्टे चालतात. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ शहरानं तर 1958 मध्येच वेधशाळेसाठी सर्चलाइटवर बंदी आणली आणि पुढे 2001 मध्ये ते जगातलं पहिलं 'डार्क स्काय' शहर ठरलं. सॅन दिएगोनं पालोमारच्या दुर्बिणींसाठी रस्त्यावर मुद्दाम पिवळे सोडियम दिवे लावले होते. ज्या डोंगरासाठी एका शहरानं आपल्या दिव्यांचा रंग बदलला त्या डोंगरावरच पुढे कुरुंदवाडच्या माणसाचा प्रकल्प उभा राहिला आणि पवईच्या पोराला क्यूजी दिसला.

सापविंचवाची भीती खरी आहे. रात्री उशिरा मासळी घेऊन येणाऱ्या बायकांना रस्ता दिसला पाहिजे, हेही खरं. पण पायाखालचा रस्ता दिसायला खाली पडणारा उजेड लागतो. डोळ्यांत घुसणाऱ्या हायमास्टखाली कडेच्या गवतातलं फुरसं उलट दिसत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या असतात.

आता मागणं. येत्या वर्षात कुणकेश्वर, मिठमुंबरी, तांबळडेगच्या किनाऱ्यांसाठी आणि आजूबाजूच्या सड्यांसाठी दिव्यांचे जे प्रस्ताव समितीपुढे येतील, त्यांच्या मंजुरीच्या अटींत चार ओळी घाला: दिवा वरून बंदिस्त, रंग पिवळसर, झोत समुद्राकडे नको, रात्री दहानंतर मंद. आधीचे खांब उपटायची गरज नाही. दुरुस्तीला निघतील तेव्हा त्यांची तोंडं खाली करा. त्याआधी एकदा आकाशाचा काळोख मोजून घ्या. त्यासाठी मुठीत मावणारं स्काय क्वालिटी मीटर नावाचं उपकरण मिळतं. देवगडच्या एखाद्या महाविद्यालयाला ते घेऊन दिलं आणि दर अमावास्येला देवळाजवळ, सड्यावर, देवगड बंदरात नोंदी करायला सांगितल्या, तर पुढच्या दहा वर्षांत आपण काय घालवलं किंवा राखलं याचा पुरावा हाती राहील. आज असा आकडा समोर नसल्यामुळेच काळोखाची बाजू कुठल्याही बैठकीत मांडली जात नाही.

दुसरं मागणं शाळांसाठी. आंतरराष्ट्रीय खगोल शोध सहयोग नावाची एक मोहीम 2006 पासून चालते, अमेरिकेतल्या टेक्सासमधून. पॅन-स्टार्सची ताजी चित्रं ती जगभरच्या शाळांना विनामूल्य पाठवते. संगणकावर ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर टाकायचं, चार चित्रं फिरवायची, सरकणारा ठिपका शोधायचा, अहवाल धाडायचा. भारतातल्या शाळा 2010 पासून यात भाग घेतात. 2020 मध्ये सुरतच्या दोन शाळकरी मुलींनी याच मार्गानं एक नवा लघुग्रह नोंदवला. देवगड तालुक्यातल्या दहा माध्यमिक शाळांना संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट आणि एका शिक्षकाला दोन दिवसांचं प्रशिक्षण एवढं दिलं तरी भागतं. एका हायमास्टला जेवढा निधी जातो त्यात हे बसतं की नाही, हिशोब आपल्याकडे आहेच. मुलांनी दिवसा पडद्यावर ठिपका शोधावा आणि त्याच रात्री घराबाहेर येऊन ज्या आकाशातला तो ठिपका आहे ते आकाश पाहावं, ही सोय पवईच्या आयआयटीलाही नाही. तिथं रात्री वर पाहिलं तर नारिंगी धुकं दिसतं.

तिसरं मागणं एका तारखेचं आहे. 13 एप्रिल 2029, शुक्रवार. त्या रात्री अपोफिस नावाचा सुमारे 340 मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जवळपास 32 हजार किलोमीटरवरून जाणार आहे, म्हणजे आपल्या दूरदर्शन-हवामानाच्या उपग्रहांच्याही आतून. तो धडकणार नाही. निदान पुढची शंभर वर्षं नाही, हे रडारच्या निरीक्षणांनी 2021 मध्ये पक्कं झालं. भारतीय वेळेनुसार तो सर्वांत जवळ येईल 14 एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, आंबेडकर जयंतीच्या दिवशी. तोवर आपल्याकडे तो पश्चिमेला मावळलेला असेल, पण त्याआधीच्या काही तासांत, आकाश काळं असेल तर, दुर्बिणीशिवाय दिसेल. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाताना नुसत्या डोळ्यांनी पाहणं ही काही हजार वर्षांतून एखाद्या वेळी मिळणारी संधी मानली जाते. त्या रात्री अमावास्या आहे. एप्रिल म्हणजे पाऊस नाही. हापूसचा हंगाम भरात, पाहुणे गावात असतील. त्या रात्री किनाऱ्यावरचे आणि सड्यावरचे दिवे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बंद ठेवण्याचा ठराव ग्रामपंचायतीनं आणि समितीनं आत्ताच करून ठेवावा. महावितरणला, पोलिसांना, देवस्थानला आणि होमस्टेवाल्यांना त्याची प्रत पाठवावी, म्हणजे ऐनवेळी परवानगी कुणाची यावर घोडं अडणार नाही.

कळावे,

देवगड तालुक्यातील एक रहिवासी